वाटेचे ऋण

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाटातून जाणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकात या रांजणात पडत असे, असे परंपरा सांगते. तिथल्याच लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची ती लांबलचक यादी आहे. आसपासच्या कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि त्यांतले एक टाके कुणा गृहस्थाने धर्मार्थ दिल्याचा लेखही तिथे सापडतो. एकाच घाटात असे तीन व्यवहार नांदत होते: वाटसरूकडून घेतलेली जकात, राजघराण्याने दिलेली दक्षिणा आणि एका घरधन्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सोडून दिलेले पाणी. माल लादलेले बैल घेऊन घाट चढून आलेला माणूस एका ठिकाणी पैसे मोजत होता आणि चार पावलांवर फुकट पाणी पीत होता. दोहोंत त्याला विसंगती वाटली असेल असे नाही. वाटेने जाणारा माणूस वाट करून देणाऱ्याचे नेमके काय देणे लागतो, हा प्रश्न मात्र तिथे दगडातच मांडून ठेवल्यासारखा आहे. टोलनाक्यावर रोज थांबणारा नोकरदार जेव्हा वाढलेल्या टोलविरुद्ध आवाज उठवतो तेव्हा तो हाच प्रश्न विचारत असतो. आपण मात्र त्याची तक्रार खिशाची म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. मुळात ती धर्माची तक्रार आहे. इथे धर्म म्हणजे पूजापाठ नव्हे. कोणाचे कोणाला किती देणे आहे आणि ते कधी फिटते, हे ठरवणारी शिस्त.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक रस्ता समोर ठेवू. दिल्ली आणि नोएडा यांना यमुनेवरून जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग 2001 च्या फेब्रुवारीत खुला झाला. लांबी 9 किलोमीटरच्या थोडी वर, मार्गिका आठ, बांधकामाचा खर्च सुमारे 400 कोटी रुपये. नोएडा प्राधिकरणाने 1997 मध्ये एका खासगी कंपनीशी करार केला होता: बांधा, वापरा, हस्तांतरित करा. मुदत 30 वर्षांची. वरवर पाहता यात वावगे काहीच नव्हते. मेख हिशेबाच्या सूत्रात होती. कंपनीला एकूण खर्चावर दरसाल 20 टक्के परतावा मिळेल, हे करारानेच मान्य केले होते. एखाद्या वर्षी टोलमधून तेवढा परतावा निघाला नाही तर उरलेली तूट एकूण खर्चात मिळवायची, पुढच्या वर्षीचा 20 टक्के परतावा त्या फुगलेल्या आकड्यावर मोजायचा, आणि 30 वर्षांत सगळे वसूल झाले नाही तर मुदत वाढवायची. नोएडातल्या रहिवासी संघांच्या महासंघाने 2012 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 26 ऑक्टोबर 2016 रोजी न्यायालयाने टोलवसुली थांबवली, आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. रोजच्या प्रवाशांनी लढलेला हा खटला कायद्याच्या पुस्तकात प्राधिकरणाचे अधिकार, निविदेशिवाय दिलेले काम अशा कलमांखाली लागेल. त्याचा तात्त्विक गाभा मात्र त्या सूत्रात आहे: जे देणे देत गेल्याने वाढतच जाते, त्याला देणे म्हणायचे का?

उत्तराकडे जाण्याआधी टोल म्हणजे काय हे ठरवावे लागेल. माणसामाणसांत पैसा किंवा वस्तू तीन प्रकारे हात बदलते. किंमत म्हणून, दान म्हणून किंवा ऋणाची फेड म्हणून. खासगी रस्त्याचे समर्थन करणारे टोलला किंमत मानतात. कंपनीने वेळ वाचवणारी एक वस्तू बाजारात आणली, ज्याला परवडेल त्याने घ्यावी. टोलला कडवा विरोध करणारे रस्त्याला दान मानतात; म्हणजे सरकारचे ते कर्तव्यच आहे, त्यासाठी वेगळे काही मागणे हीच लूट. वर्तमानपत्रांनी टोळधाडीवरून 'टोलधाड' हा शब्द घडवला तो याच भावनेतून. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. टोल ही ऋणाची फेड आहे, असे मानले तरच त्यातला न्याय आणि अन्याय दोन्ही नीट दिसतात. कारण किमतीला वरची मर्यादा नसते, दानाचा हिशेब मागता येत नाही. ऋणाला मात्र मुद्दल असते, हिशेब असतो आणि शेवट असतो. वाढत्या टोलविरुद्धच्या आंदोलनांचे खरे म्हणणे या तीन गोष्टींभोवतीच फिरते, भले घोषणा काहीही असोत.

आधी किमतीचा दावा तपासू. किंमत न्याय्य ठरते ती नाही म्हणण्याची मुभा असते म्हणून. आंबा महाग वाटला तर मी पेरू घेईन, किंवा काहीच घेणार नाही. पण ज्याचे घर एका टोकाला आणि कचेरी दुसऱ्या टोकाला आहे, त्याला प्रवास न करण्याची मुभा कितीशी असते? यात्रेकरू आणि रोजचा प्रवासी यांत हा मोठा फरक आहे. यात्रेकरू ठरवून निघतो. रोजचा प्रवासी घर घेताना, मुलांच्या शाळा ठरवताना, नोकरी धरताना एकदाच ठरवून बसलेला असतो. त्यानंतर टोल वाढला की तो बाजारातला गिऱ्हाईक राहत नाही, अडलेला माणूस होतो. कोल्हापूरचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचे काम 220 कोटींच्या प्रकल्पात खासगी कंपनीला दिले गेले, वसुलीची मुदत 30 वर्षांची होती आणि शहरात येण्याच्या वाटांवर नऊ नाके उभे राहिले. तिथे 'नको तर दुसऱ्या रस्त्याने जा' या वाक्याला अर्थच उरला नव्हता, कारण दुसऱ्या रस्त्यावरही नाकाच होता. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे त्या लढ्याच्या अग्रभागी राहिली, आणि सर्व पक्षांचे लोक एकत्र आले, ते चार-पाच रुपये वाचवण्यासाठी नव्हे. आपल्याच गावात शिरताना पावती फाडावी लागते, यातला अपमान त्यांना बोचत होता.

शिवाय ज्या जमिनीवर रस्ता आहे ती कोणा व्यापाऱ्याने खुल्या बाजारात विकत घेतलेली नसते. ती सार्वजनिक हितासाठी म्हणून संपादित झालेली असते. शेतकऱ्याने ती दिली किंवा त्याला ती द्यावी लागली, कारण सरकारने सांगितले की सगळ्यांना तिची गरज आहे. 'सगळ्यांची गरज' या कारणाने मिळवलेल्या जमिनीवर नंतर 'ज्याला परवडेल त्याने यावे' हा नियम लावणे म्हणजे घेताना एक भाषा आणि विकताना दुसरी. मालकी सांगून वाट अडवण्याचा हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतर काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला की तळे सार्वजनिक नाही, त्यावर आमचाच हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये तो फेटाळला. टोलचा जाच आणि अस्पृश्यतेची क्रूरता यांची तुलना मी करत नाही; तशी तुलना करणे महाडचा अवमान ठरेल. तिथून घेण्याजोगे तत्त्व एवढेच आहे: ज्या गोष्टीवाचून माणसाचे सार्वजनिक जगणे चालत नाही, तिच्याबाबत 'ही माझी आहे' हे उत्तर पुरेसे नसते. मालकाला दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागते: तुझी असेल, पण कोणासाठी?

मग रस्ता दान मानावा काय? आपल्या परंपरेत त्याला भक्कम आधार आहे. विहीर, तळे, धर्मशाळा, वाटेवरची झाडे यांना धर्मशास्त्राने 'पूर्त' म्हटले, आणि यज्ञाइतकेच ते पुण्यकारक मानले. पूर्त पूर्ण होते ते उत्सर्गाने. दानात एक देणारा आणि एक ठरलेला घेणारा असतो. उत्सर्गात मालक आपली मालकी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो. तळे खोदणाऱ्याने उत्सर्ग केला की त्यानंतर तो त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो, पण इतर कोणाही प्राण्यासारखा, मालक म्हणून नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा या वृत्तीतूनच आल्या. ही कल्पना सुंदर आहे, आणि सार्वजनिक वस्तूचा इतका स्वच्छ विचार फार कमी ठिकाणी सापडेल. पण तिच्यावर आजचा रस्ता उभा राहत नाही. उत्सर्ग करणाऱ्याने खर्च स्वतःच्या पदरचा केलेला असतो आणि बदल्यात पुण्य घेतलेले असते. आठ पदरी रस्ता पुण्यावर बांधला जात नाही. त्याचे पैसे कुणीतरी कर्जाऊ आणलेले असतात. आणि 'सरकारने करातून बांधावा' म्हटले तरी ऋण संपत नाही, फक्त ऋणको बदलतो. गडचिरोलीतला जो माणूस या रस्त्यावर कधीच येणार नाही, त्याने साबणासारख्या वस्तूंवर भरलेल्या करातून मोटारवाल्यांसाठी रस्ता व्हावा, हे कोणत्या न्यायात बसते? 'वापरेल तो भरेल' या तत्त्वात ही खरी नैतिक ताकद आहे, आणि टोलविरोधकांनी तिला उत्तर न देता पुढे जाऊ नये. माझ्या मते उत्तर असे: भरावे जरूर, पण ऋण म्हणून भरावे. म्हणजे वापरणाऱ्याने आपला वाटा देऊन मोकळे व्हावे. कायमचे बांधले जाऊ नये.

वाट वापरणाऱ्याचे देणे असते, हे जुन्या शास्त्रकारांना मान्य होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरचा अधिकारी अंतपाल 'वर्तनी' नावाचा मार्गकर घेतो. मालाच्या गाडीला सव्वा पण, एका खुराच्या जनावराला एक पण, इतर गुरांना अर्धा, लहान जनावरांना पाव, आणि खांद्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला एक माषक. आजच्या नाक्यावरचे दरपत्रकच जणू. मोटार, हलके वाहन, बस, ट्रक. पण त्या दरपत्रकाला लागून कौटिल्य एक वाक्य जोडतो, आणि ते आपल्या दरपत्रकांवर दिसत नाही. वाटेत कोणाचा माल हरवला किंवा चोरीला गेला, तर तो अंतपालाने भरून द्यायचा. मनुस्मृतीत नदी उतरण्याच्या नावेचे भाडेही असेच वाहनागणिक लावलेले आहे, आणि तिथेही नावाड्यांच्या चुकीने काही नुकसान झाले तर ते सर्व नावाड्यांनी मिळून भरावे असे सांगितले आहे; दैवी आपत्ती असेल तर मात्र नाही. म्हणजे घेणारा घेता घेताच बांधला जात होता. पैसा घेतलास, तर वाट सुरक्षित ठेवण्याचे ऋण तुझ्या डोक्यावर चढले. ही दोन टोकांची बांधिलकी टोलला खंडणीपासून वेगळे करते. वाटमाऱ्याही पैसे घेऊन पुढे जाऊ देतो. नाकेदारात आणि त्याच्यात फरक पडतो तो घेतल्यानंतर काय करायचे या प्रश्नापाशी. खड्ड्यांतून गाडी हाकत नाक्यावर पोचलेल्या माणसाचा संताप म्हणूनच फक्त पैशाचा नसतो. करार मोडल्याचे त्याला कळलेले असते, भले त्याने वर्तनी हा शब्द कधी ऐकला नसेल.

आता ऋणाच्या शेवटाकडे वळू. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार इथे आहे. हिंदू विधीत 'दामदुपट' नावाचा नियम आहे. सावकाराला एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची वसुली करता येते. थकलेले व्याज कितीही साचले तरी मुद्दल आणि व्याज मिळून मुद्दलाच्या दुपटीवर जाता येत नाही. मनुस्मृतीत हे तत्त्व आहे, आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी ते इंग्रजी अमदानीतही लागू केले. मराठी माणसाला हा शब्द इतका सवयीचा झाला की बँकांच्या दामदुप्पट ठेवींच्या जाहिरातींमुळे त्याचा अर्थच उलटला. जो नियम सावकाराला आवर घालायला जन्मला, तो गुंतवणूकदाराला आमिष दाखवायला वापरला गेला. नियमाची खुबी नीट पाहायला हवी. सावकाराचा नफा त्याने बंद केलेला नाही. दर वर्षी व्याज घेत राहिलेला सावकार एकूण मिळून दुपटीहून कितीतरी जास्त कमवू शकतो. नियम अडवतो ते थकबाकी साचवून केलेल्या डोंगराला. ऋणको फेडू शकत नाही, म्हणून त्याची असमर्थताच धनकोचे भांडवल व्हावी, हे त्याला मान्य नाही. एका मर्यादेपलीकडे न फिटणाऱ्या कर्जाचे ओझे धनकोनेही थोडे सोसले पाहिजे, कारण कर्ज देताना पारख करण्याची जबाबदारी त्याचीही होती.

या नियमाशेजारी डीएनडीचे सूत्र ठेवून पाहा. शंभर रुपये खर्च झाले, आणि टोलमधून निव्वळ काहीच उरले नाही असे क्षणभर धरा. 20 टक्क्यांनी तूट मुद्दलात मिळवत गेल्यास चौथ्या वर्षाअखेर आकडा 207 होतो. दामदुपटीने हिशेब चौथे वर्ष संपण्याआधीच 200 वर थांबवला असता. सूत्र मात्र पुढे चालत राहते: दहाव्या वर्षी 619, विसाव्या वर्षी 3,834, तिसाव्या वर्षी 23,738. प्रत्यक्षात टोल येत होता, त्यामुळे आकडे इतके फुगले नसतील. पण सूत्राची दिशा हीच. वसुली परताव्याहून कमी पडली की देणे वाढते, देणे वाढले की परतावा वाढतो, आणि परतावा वाढला की वसुली आणखी कमी पडते. नोएडाचा नोकरदार रोज दोनदा पैसे देत होता आणि त्याचे देणे रोज लांबत होते. उपयोगकर्त्यांकडून अनंतकाळ वसुली करू देणारे हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाला अन्याय्य वाटले, यात नवल नाही. दामदुपटीच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही गावकऱ्याला ते तितक्याच लवकर उमगले असते.

या युक्तिवादावर तीन आक्षेप येतील. पहिला आक्षेप वचनाचा. करार हे वचन आहे. दिलेला शब्द पाळावा, हाही धर्मच. कंपनीने करारावर विसंबून पैसे ओतले, मग मधेच नियम बदलणे विश्वासघात नाही काय? आक्षेप वजनदार आहे. पण वचन देणाऱ्याने स्वतःचे द्यायचे असते. इथे वचन प्राधिकरणाने दिले, घेतले कंपनीने, आणि फेडायचे ठरले तिसऱ्याने, जो त्या टेबलाशी नव्हता आणि ज्यातल्या अनेकांनी तेव्हा नोएडात घरही घेतले नव्हते. दुसऱ्याच्या पदरातून दिलेल्या दानाला जसे पुण्य नाही, तसे दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या वचनाला पावित्र्य येत नाही. अशा वचनाचा दुसरा नमुना पाहा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 1 एप्रिल 2023 ला मोटारीचा टोल 270 वरून 320 रुपये झाला. दर तीन वर्षांनी 18 टक्के, हे प्रमाण कैक वर्षांपूर्वी अधिसूचनेत लिहून ठेवलेले होते. अशी आगाऊ ठरवलेली वाढ गुंतवणूकदाराला खात्री देते हे खरे. पण ती वाढ ज्या वर्षी लागू होते त्या वर्षी रस्त्याचे किती मुद्दल बाकी आहे, हे विचारण्याचा हक्क त्या खात्रीने बुजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. गुंतवणूकदार म्हणजे सावकार नव्हे, तो जोखीम घेतो. म्हणून ऋणाचे नियम त्याला लावू नयेत. याची सर्वांत चांगली कसोटी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन परगण्यात लागते. तिथला डलस ग्रीनवे हा सुमारे 14 मैलांचा रस्ता खऱ्या अर्थाने खासगी आहे. खासगी पैशाने बांधलेला, 1995 मध्ये सुरू झालेला आणि 2056 पर्यंत कंपनीच्या हाती राहणारा. बांधायला सुमारे 35 कोटी डॉलर लागले. पहिल्याच वर्षी वाहने इतकी कमी आली की कंपनीला टोल उतरवावा लागला. ही झाली खरी जोखीम, आणि ती सोसणाऱ्याला व्यापाऱ्याचा नफा मागण्याचा हक्क आहे. पण पुढे 1999 मध्ये कर्जाची फेररचना झाली, व्याज पुढे ढकलणारे रोखे निघाले, आणि देणे फिटत जाण्याऐवजी 100 कोटी डॉलरच्या वर गेले. मग हे वाढलेले कर्जच टोलवाढीचे कारण म्हणून पुढे येऊ लागले. कंपनीने गर्दीच्या वेळचा टोल 5.80 डॉलरवरून 8.10 डॉलर करण्याची मागणी केली. तिथल्या कायद्यात टोलला तीन अटी आहेत: प्रवाशाला मिळणाऱ्या लाभाच्या मानाने तो वाजवी असावा, लोक रस्ता सोडून जातील इतका नसावा, आणि चालकाला वाजवीपेक्षा जास्त परतावा देणारा नसावा. रोजच्या प्रवाशांचा आणि परगण्याचा विरोध होता, आणि राज्याच्या नियामक आयोगाने 2024 मध्ये ती वाढ फेटाळली. आक्षेपाचे उत्तर या घटनेत आहे. व्यापारी म्हणून जोखीम घेतलीस तर तोटाही तुझा. सावकार म्हणून खात्री घेतलीस तर सावकाराची मर्यादाही तुझी. सावकाराची खात्री आणि व्यापाऱ्याचा अमर्याद नफा एकाच माणसाला देता येत नाही. गमतीची गोष्ट अशी की भांडवलशाहीचे माहेर मानल्या जाणाऱ्या देशात रस्ता पूर्ण खासगी असूनही टोल ठरवताना 'प्रवाशाला काय मिळाले' हा प्रश्न कायद्यानेच विचारला जातो. रस्त्याची मालकी त्यांनी मान्य केली, पण वाटसरूवरची मालकी नाही.

तिसरा आक्षेप ग्रंथांबद्दल येईल. ज्या मनुस्मृतीतून दामदुपट काढता, तिनेच वर्ण खालचा तसे व्याज चढे असा दर सांगितला. नावेच्या भाड्यातून ब्राह्मणांना सूट दिली. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ती जाळली गेली ती उगाच नाही. असल्या पुस्तकाला न्यायाचा साक्षीदार करायचे? माझे उत्तर असे की साक्षीदार करायचे, न्यायाधीश नाही. दामदुपट टिकली ती ग्रंथाच्या अधिकारावर नव्हे. धनको-ऋणकोच्या संबंधात एक सीमा अशी असते की जिच्यापुढे देणे हे देणे न राहता दास्य होते, हा अनुभव पिढ्यान् पिढ्या आला म्हणून ती टिकली. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळले गेले. ज्या कागदावर देण्याला शेवट लिहिलेला नाही तो कागद शेवटी रस्त्यावर येतो, हे सांगायला कोणताच धर्मग्रंथ लागत नाही.

यातून आंदोलनाच्या रीतीचाही विचार निघतो. कोल्हापुरात 2014 मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली; राज्यात इतरत्रही काचा फुटल्या. नाका जाळल्याने कर्जाचा कागद जळत नाही, कारण आजचा रोखा नाक्याच्या गल्ल्यात नसतो. कोल्हापूरचा टोल अखेर रद्द झाला, पण कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीवर आली. म्हणजे ऋण बुडाले नाही. खांदा बदलला, आणि मूळ हिशेब बरोबर होता की नव्हता हा प्रश्न बाजूला पडला. टोलमाफीचेही तेच. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 मध्ये टोल माफ झाला. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरच्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देते. वारकऱ्याची वाट अडवू नये ही भावना चांगली आहे. भक्तीची वाट मोकळी असावी हे सरकारलाही कळते, एवढी कबुली तीत आहे. पण 'माफी' या शब्दात एक खोच आहे. माफी कृपेने मिळते, आणि कृपा करणारा हिशेब दाखवत नाही. वारीला जाताना मोकळा सुटलेला माणूस सोमवारी कामाला निघाला की पुन्हा पावतीच्या रांगेत उभा राहतो. पोटासाठी रोज चालावी लागणारी वाट पंढरीच्या वाटेपेक्षा कमी पवित्र आहे, असे तर कोणत्याही संताने शिकवलेले नाही. सावता माळ्याला मळ्यातच विठोबा भेटला, ही कथा सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून वाढत्या टोलला विरोध करणाऱ्या प्रवाशाने माफी मागू नये आणि काचाही फोडू नयेत. त्याने मुद्दल विचारावे. नोएडाच्या रहिवाशांनी तेच केले, आणि म्हणून त्यांचा विजय एका निवडणुकीपुरता राहिला नाही. या विचाराला एक कठीण अंगही आहे, ते लपवू नये. हिशेब मागणाऱ्याला हिशेब पटला तर द्यावे लागते. मुद्दल खरेच बाकी असेल, रस्ता नीट राखला जात असेल, परतावा वाजवी असेल, तर नाक्यावर मुकाट्याने पैसे मोजणे हाही धर्मच ठरतो. आणि ज्या दिवशी ऋण फिटले त्या दिवसापासून देखभालीपुरते काय लागते एवढाच प्रश्न उरतो. नाक्यावरच्या फलकावर आज मोटारीला किती, ट्रकला किती, हे लिहिलेले असते. त्याच फलकावर आणखी एक ओळ रोज बदलत राहावी: या रस्त्याचे फेडायचे बाकी. नाणेघाटाच्या रांजणाबद्दलची परंपरा खरी असेल, तर त्याच्या शेजारून जाणाऱ्या कोणालाही आत डोकावून तो किती भरला ते पाहता येत असणार. आपल्या रांजणाला झाकण बसले आहे, आणि रोज तिथून जाणारी माणसे ते उघडायला सांगत आहेत.